जड मालासाठी ट्रक घेताय? एचपी सगळ्यात शेवटी बघा

शोरूममध्ये गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एचपीची गाडी आहे?" आणि सेल्समन पण खुश, कारण एचपी वाढला की किंमत वाढते आणि सांगायला पण सोप्पं. पण 45 टन, 55 टन घेऊन घाट चढायचा असेल तर एचपी हा चौथा-पाचवा प्रश्न आहे. गाडी चढणार की नाही हे क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलच्या हाऊसिंगमधली दात्यांची जोडी) आणि ड्राइव्हच्या, म्हणजे इंजिनने फिरणाऱ्या, टायरवरचं वजन ठरवतं, उतरणार की नाही हे ब्रेक ठरवतात, एचपी फक्त किती वेळात चढणार तेवढं सांगतो. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने हिशोब करा, कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, गणित आठवीच्या पुढचं नाहीये.

उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नको. डोलवीच्या स्टील प्लांटमधून कॉईल (पत्र्याचा गुंडाळा) भरायची, पेण-खोपोली करून बोरघाट चढायचा आणि चाकण नाहीतर रांजणगावला खाली करायची. परत येताना कधी रिकामं कधी भरलेलं. तुमचा रूट कसारा असेल, कुंभार्ली असेल, आंबा असेल, आकडे बदलतील पण रीत हीच.

पहिलं काम: वजन आणि पासिंग (आरटीओने मंजूर केलेलं एकूण वजन)

गाडीच्या नावातच अर्धी माहिती असते. 5530 म्हणजे 55 टन आणि 300 एचपी, 2818 म्हणजे 28 टन आणि 180 एचपी, जुनी 4923 म्हणजे 49 टन 230 एचपी. सगळ्याच कंपन्या अगदी काटेकोर पाळत नाहीत, दोन-पाच एचपी इकडे तिकडे असतात, पण अंदाज येतो. लक्षात ठेवा, हे टन म्हणजे गाडी धरून एकूण वजन, माल नाही. 22 टायर ट्रेलर रिकामा साधारण 16-17 टन भरतो, म्हणजे 55 मधून माल राहिला 38 च्या आसपास. आरसीवर जे लिहिलंय तेच खरं, एजंटने तोंडी सांगितलेलं नाही.

2018 च्या जुलैमध्ये केंद्राने एक्सलची मर्यादा वाढवली, ते आकडे पाठच करून टाका. पुढचा दोन टायरचा एक्सल 7 टन, चार टायरचा सिंगल एक्सल 11.5 टन (आधी 10.2 होता), आठ टायरचा टँडम (जोडून बसवलेले दोन एक्सल) 21 टन, ट्रेलरखालचा बारा टायरचा ट्राय-एक्सल 27 टन. आता बेरीज करा. 18 टायर म्हणजे फोर बाय टू (मागे एकच एक्सल, तोच इंजिनने फिरणारा) हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, आणि ट्राय-एक्सल: 7 अधिक 11.5 अधिक 27, झाले 45.5. 22 टायर म्हणजे टँडमवाला हॉर्स: 7 अधिक 21 अधिक 27, झाले बरोबर 55. ट्रेलरचे एक्सल लांब लांब बसवून फोर बाय टू वर पण जास्त पासिंग मिळवतात, पण हॉर्सच्या ड्राइव्ह एक्सलवर 11.5 च राहतात हे डोक्यात ठेवा, पुढे याचंच दुखणं येणार आहे.

आणि ओव्हरलोडचा विचार करूनच गाडी निवडणारे पण आहेत, "पासिंग 45 चं घेतो, भरतो 55." 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20 हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. दहा टन जास्त म्हणजे एका पकडीत 40 हजार, वर जास्तीचा माल उतरवून घेतल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. तेवढ्यात त्या महिन्याचा हप्ता गेला.

दुसरं: रूटवरचा सगळ्यात वाईट चढ शोधा

सरासरी रस्ता बघू नका. हायवेवर 55 टन घेऊन 60 च्या स्पीडला सपाट चालायला इंजिनमधून साधारण सव्वाशे एचपी लागतात, बस एवढेच. म्हणजे सपाटीवर 180 ची गाडी पण आरामात पळते आणि म्हणूनच लोक फसतात, डेमो सपाटीवर घेतात.

ओढीचा हिशोब असा. चढाची टक्केवारी घ्या, त्यात टायरच्या घर्षणाचे 0.7 टक्के मिळवा, आणि एकूण वजनाला लावा. 55 टन, 5 टक्के चढ: 55 हजार किलोचे 5.7 टक्के म्हणजे 3,135 किलोची ओढ लागणार. 8 टक्के चढ असेल तर जवळजवळ 4,800 किलो. कच्च्या रस्त्यावर, खाणीत, नाहीतर साईटवर घर्षण 0.7 वरून 2-3 टक्क्यांवर जातं, तिथे टिपरवाल्यांनी त्या हिशोबाने धरावं.

चढाची टक्केवारी कुठून आणायची? फोनवर उंची दाखवणारं अॅप घ्या, घाटाच्या पायथ्याची आणि माथ्याची उंची नोंदवा, मधलं अंतर मीटरवरून घ्या. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटरचा चढ आहे, घाटाचं अंतर 14 किमी धरलं तर सरासरी 4 टक्के येते. पण सरासरीवर भागत नाही, मधे मधे जास्त आहे, आणि जुन्या घाटरस्त्यांवर हेअरपिन वळणाच्या आतल्या बाजूला तर 10 च्या वर जातं. त्या वळणात पुढची गाडी बंद पडली आणि तुम्हाला तिथेच थांबून परत उचलावं लागलं, तर तो तुमचा सगळ्यात वाईट चढ. त्याच्यासाठी गाडी निवडायची.

तिसरं: टायरला पकड मिळणार का

इथे बहुतेक लोक उडी मारून पुढे जातात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्वाचा भाग आहे. इंजिन कितीही ताकदीचं असू द्या, ती ताकद रस्त्यावर उतरते फक्त ड्राइव्हच्या टायरमधून, आणि टायर किती ओढू शकतो हे त्याच्यावर किती वजन बसलंय त्यावर असतं. कोरड्या डांबरावर वजनाच्या साधारण 60 टक्के, आणि पावसाळ्यात चिखल-डिझेल सांडलेल्या वळणावर 30 टक्के धरा.

फोर बाय टू, ड्राइव्हवर 11.5 टन. कोरड्यात 6.9 टन ओढ, काहीच टेन्शन नाही. निसरड्यात 3.45 टन. आता 45.5 टनाला 8 टक्के चढावर लागतात 3.96 टन. संपलं. इंजिन 250 चं असो का 400 चं, टायर जागेवर फिरणार. तीच गोष्ट सिक्स बाय फोरची (मागचे दोन्ही एक्सल इंजिनने फिरणारे) बघा, ड्राइव्हवर 21 टन, निसरड्यात 6.3 टन ओढ, आणि 55 टनाला त्याच चढावर लागतात 4.8. निघते गाडी.

सिक्स बाय टू घेताना नीट विचारा, मागे दोन एक्सल दिसतात पण फिरवणारा एकच असतो. हायवेला चांगली, रिकाम्यात लिफ्ट एक्सल उचलला की टायर आणि डिझेल दोन्ही वाचतं. पण कोकणातले घाट आणि जुलै-ऑगस्ट हा तुमचा धंदा असेल तर सिक्स बाय फोरच घ्या, महाग पडते, वजन पण जास्त, तरी घ्या. डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं सारखीच फिरवणारा) आहे ना ते बघा, आणि ड्रायव्हरला तो कधी लावायचा कधी काढायचा ते माहितीये ना ते त्याहून आधी बघा, कारण लॉक लावून वळण मारलं तर हाऊसिंगमधला खर्च निघतो.

आता कॉईल ठेवण्याचं. एक कॉईल वीस-वीस टनाची असू शकते, त्यामुळे ती ट्रेलरवर कुठे बसवली याला फार अर्थ आहे. किंगपिनपासून (ट्रेलर हॉर्सला जोडणारी खुंटी) ट्रेलरच्या मधल्या एक्सलपर्यंत 8 मीटर धरा. 36 टन माल फक्त एक मीटर मागे सरकला तर 36 भागिले 8, म्हणजे साडेचार टन किंगपिनवरून उठून ट्रेलरच्या एक्सलवर गेले. दोन्ही बाजूंनी मार: ड्राइव्हवरचे 21 चे 17 च्या आसपास आले म्हणजे पकड गेली, आणि ट्रेलरवरचे 27 चे साडे-एकतीस झाले म्हणजे एकूण वजन बरोबर असून पण एक्सलवर ओव्हरलोड. म्हणून काट्यावर पूर्ण गाडीचं वजन घेऊन समाधान मानू नका, आधी हॉर्सचे पुढचे टायर, मग हॉर्स पूर्ण, मग सगळी गाडी असं टप्प्याटप्प्याने घ्या. काटेवाला कुरकुर करतो, मागे लाईन लागते, पण नवीन ट्रेलरवर पहिल्या एक-दोन भरतीला करायचंच. एकदा जागा सापडली की फाळक्यावर ऑइलपेंटने खूण करून ठेवा, लोडिंगवाल्याला दाखवायला सोपं. कॉईलखाली गुटके आणि वरून साखळ्या हा वेगळा विषय, पण दोरीवर कॉईल नेणारा माणूस दिसला तर त्याच्या मागे गाडी चालवू नका.

चौथं: टॉर्क, गिअर आणि क्राऊन-पिनियन

ओढ टायरला पोचते ती टॉर्क गुणिले गिअर गुणिले हाऊसिंगचं रेशो भागिले टायरची त्रिज्या अशी. त्यामुळे निव्वळ टॉर्कच्या आकड्यावर भाळू नका. 55 टनाच्या 300 एचपी गाड्या आज 1100-1200 न्यूटन मीटरच्या आसपास येतात, आकड्यात फार फरक नाही. फरक पडतो हाऊसिंगमध्ये.

मिस्त्री लोक दातांवरून बोलतात: 7/41 म्हणजे 5.86, 6/37 म्हणजे 6.17, 6/41 म्हणजे 6.83. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि पळ कमी. हायवेच्या नवीन हॉर्समध्ये 4 च्या आसपासचे रेशो पण येतात, एव्हरेजसाठी. हे चांगलंच आहे, पण बघा काय होतं.

समजा पहिला गिअर 9 चा आहे, क्लच सोडताना इंजिन 700 न्यूटन मीटर देतंय, टायरची त्रिज्या 52 सेंमी, आणि इंजिनपासून टायरपर्यंत पोचताना 15 टक्के ताकद गेली. 5.86 च्या हाऊसिंगवर ओढ येते 6.1 टन. 55 टनाला 10 टक्के चढावर उचलायला लागतात 5.9, म्हणजे काठावर पास. तीच गाडी 4.11 वर: ओढ 4.3 टन. 8 टक्क्यांवर थांबली की उठणार नाही, ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर खेळत बसणार, वास येणार, आणि क्लच प्लेटचा खर्च मालकाच्या डोक्यावर. 4.11 घ्यायचंच असेल तर खाली 12 च्या आसपासचा क्रॉलर गिअर (सगळ्यात हळू, गाडी उचलायचा) असलेला गिअरबॉक्स हवाच. म्हणून रेशो कधीच एकटा विचारू नका, "सगळ्यात खालच्या गिअरचं रेशो किती आणि हाऊसिंग किती" असं जोडीने विचारा आणि गुणाकार करा. 55 टनाच्या घाटगाडीला हा गुणाकार 50 च्या वर पाहिजे असं माझं मत.

दुसऱ्या टोकाला पळ. टॉप गिअर 1 चा धरला तर 1400 आरपीएमला 4.11 वर गाडी 67 ने पळते, 5.86 वर 47 ने, 6.83 वर 40 ने. आता तुमचा रूट काय आहे? दिवसभर हायवे आणि एक घाट असेल तर 6.83 म्हणजे इंजिन कायम ओरडणार आणि डिझेल जाळणार. खाणीत, क्रशरवर, साखर कारखान्याच्या कच्च्या रस्त्यावर असाल तर 6.83 पण चालेल, तिथे कुठे 60 ने जायचंय. ओव्हरड्राइव्ह असेल तर हे आकडे बदलतात, टॉप गिअर 0.75 चा असेल तर स्पीडला 0.75 ने भागा.

क्लच 430 मिमीचा मिळत असेल तर 395 पेक्षा तो घ्या. एएमटी (क्लच पेडल नसलेला, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) बद्दल विचाराल तर जड मालाला मला आवडते, अर्ध्या क्लचचे लाड बंद होतात आणि चढावर गाडी मागे येऊ न देणारा होल्ड मिळतो, पण जवळच्या वर्कशॉपमध्ये ती दुरुस्त करणारा माणूस आहे का ते आधी बघा.

आता एचपी

आता या तुमच्या आवडत्या आकड्यावर. एचपीला 238 ने गुणा, ओढीच्या किलोने भागा, येईल तो चढावरचा स्पीड, ताशी किमीमध्ये. (एक एचपी म्हणजे सेकंदाला 75 किलो एक मीटर उचलणं, त्यातून गिअर-हाऊसिंगची 12 टक्के घट काढलीये.)

बोरघाट, 55 टन, 4 टक्के, ओढ 2,585 किलो. 300 एचपीला 27-28 चा स्पीड, 14 किमीला अर्धा तास. 250 ला 23 चा स्पीड, 36-37 मिनिटं. 180 ला साडेसोळा, 50 मिनिटं. म्हणजे 250 वरून 300 वर गेलात तर घाटात वाचली सहा-सात मिनिटं. महिन्यात किती घाट चढता ते तुम्हाला माहिती, त्याच्यावर गुणा आणि वाढीव हप्त्यासमोर ठेवा. दिवसाआड घाट असेल तर 300 घेण्यात अर्थ आहे, कधीतरीच असेल तर 250 मध्ये पण दुनिया चालतेय.

"मोठं इंजिन जास्त डिझेल पितं" हे अर्धवट ज्ञान आहे. 55 टन साडेपाचशे मीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते ती इंजिन बघत नाही, वजन बघते. हिशोब केला तर नुसती उंची चढायला 20-22 लिटर डिझेल जातंच जातं, 250 ची गाडी असो का 300 ची. उलट कमी एचपीची गाडी चढभर पूर्ण दाबून, उच्च आरपीएमला, पंखा लावून चालते, आणि मागून येणाऱ्यांच्या शिव्या वेगळ्या. मोठं इंजिन डिझेल पितं ते सपाटीवर ड्रायव्हरने 80 ने हाणली तर, त्याला इंजिनचा दोष नाही. स्पीड लॉक करून घ्या.

साधारण माप हवं असेल तर टनाला साडेपाच एचपी ठीक, 5 च्या खाली घाटात रडगाणं, आणि 7-8 मिळत असेल तर मजा, पण भाडं तुम्हाला टनावर मिळतं, मजेवर नाही.

उतरायचं कसं, हे विसरू नका

चढताना गाडी अडकली तर फार फार तर ट्रॅफिक जाम. उतरताना गडबड झाली तर माणसं मरतात. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली, कात्रजच्या नवीन बोगद्याकडून येणारा तो लांबलचक उतार सगळ्यांना माहितीये. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती हे तेव्हा तपासात पुढे आलं होतं. न्यूट्रल मारून जे काय अर्धा-एक लिटर वाचतं त्याची किंमत ही.

गणित बघा. 55 टन लोणावळ्याहून खोपोलीला उतरवताना जी ऊर्जा सुटते, तेवढ्यात नऊशे लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रम आणि लायनरमध्ये घातली तर अर्ध्या घाटात लायनर जळणार, पेडल दाबलेलंच राहणार आणि गाडी जाणार. म्हणून गाडी घेताना विचारायचं की पायाच्या ब्रेकशिवाय काय आहे.

तीन प्रकार आहेत. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे सायलेन्सरच्या रस्त्यात झडप लावून धूर अडवायचा, बहुतेक जड गाड्यांत असतोच, पण 55 टनाला एकटा अपुरा. इंजिन ब्रेक, हा व्हॉल्व्ह उघडून इंजिनलाच कॉम्प्रेसर बनवतो, बराच ताकदवान, पण आरपीएम वर असेल तरच काम करतो. तिसरा रिटार्डर, गिअरबॉक्सच्या मागे तेलावर चालणारा नाहीतर विजेच्या चुंबकावर चालणारा, महाग आणि वजनाला पण जड, पण रोज भरलेली गाडी घाट उतरणार असेल तर लायनरच्या खर्चातूनच पैसे परत देतो. कॉईल आपल्याकडे बहुतेक वर चढते आणि गाडी रिकामी उतरते, तिथे इंजिन ब्रेक पुरतो. नाशिककडून निर्यातीचा भरलेला कंटेनर न्हावाशेव्याला आणणाऱ्याने, कऱ्हाडकडून चिपळूणला जड माल उतरवणाऱ्याने रिटार्डर परवडतो का हे बघावंच.

ड्रायव्हरला एक गोष्ट घोकून घ्यायला लावा: ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये, किंवा एक खाली, आणि गिअर घाट सुरू व्हायच्या आधी लावायचा. उतारावर स्पीड पकडल्यावर खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि मग देवाचंच नाव. बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणं जरूर टाका, पण त्याच्या आधी ट्रेलरचे स्लॅक अॅडजस्टर (ब्रेकचा ढिलेपणा काढणारे) बघा, कारण बऱ्याच गाड्यांत हॉर्सचे ब्रेक चांगले आणि ट्रेलरचे नावालाच लागतात, मग सगळा भार हॉर्सवर आणि ओल्या रस्त्यावर ट्रेलर हॉर्सला ढकलून दुमडतो.

अवजड मशिनरी, ट्रान्सफॉर्मर ओढणारे

हायड्रॉलिक एक्सलवाल्यांसाठी (कितीतरी चाकांचे अवजड ट्रेलर ओढणारे) थोडक्यात, कारण रीत तीच, फक्त आकडे भीतीदायक. एकूण 200 टन, 5 टक्के चढ, घर्षण 1 टक्का धरा: ओढ 12 टन. कोरड्या रस्त्यावर 60 टक्के पकडीने ड्राइव्हवर 20 टन वजन हवं. हे वजन येणार कुठून? ट्रेलर तर स्वतःच्या चाकांवर उभा आहे, हॉर्सवर काहीच टाकत नाही. म्हणून पुलरच्या, म्हणजे ओढणाऱ्या हॉर्सच्या, पाठीवर लोखंडाच्या प्लेट नाहीतर काँक्रीटचे ठोकळे ठेवतात. रस्ता ओला झाला की एक पुलर पुरत नाही, मागून दुसरा पुशर लागतो, त्याचं भाडं कोटेशनमध्ये आधीच धरा. 520 एचपीच्या पुलरला हा चढ साधारण 10 च्या स्पीडला जमतो. ताशी 10 ने तासभर चढणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, तेव्हा कूलिंग, क्लच की टॉर्क कन्व्हर्टर, आणि हब रिडक्शन (चाकाच्या हबमधले जादा गिअर) या तीन गोष्टी इंजिनच्या आधी विचारा. परवानगी, पुलांची क्षमता, पायलट गाडी हे सगळं रूट सर्व्हेसोबत आधी उरकायचं.

सही करण्याआधी

डेमो भरलेल्या गाडीचा मागा, आणि तुमच्याच घाटात. डीलर टाळाटाळ करतात, पण एकापेक्षा जास्त गाड्या घेणार असाल तर देतात. सगळ्यात वाईट वळणावर मुद्दाम थांबवा आणि परत उचला, क्लचचा वास येतो का बघा. टेम्परेचरचा काटा कुठे जातो बघा. उतरताना इंजिन ब्रेकवर गाडी किती स्पीडला स्थिर राहते ते बघा, पाय पेडलवर न ठेवता. मग कोटेशनवर गिअरबॉक्सचं मॉडेल, हाऊसिंगचं रेशो, क्लचची साईझ आणि कोणता ब्रेक हे लेखी लिहून घ्या, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन रेशो येतात आणि यार्डात जी उभी असेल ती गळ्यात मारली जाते. जुनी गाडी घेत असाल तर हाऊसिंगची प्लेट स्वतः वाकून वाचा, आणि प्लेट घासलेली असेल तर जॉइंट शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून हाऊसिंगपर्यंतचा फिरता दांडा) खडूने खूण करून, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून एक पूर्ण फेरा फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा: जवळजवळ सहा भरले तर 7/41, सातला थोडे कमी पडले तर 6/41. पण दोन्ही चाकं सारखीच फिरली पाहिजेत, नाहीतर डिफरन्शियल मोज चुकवतं.